चित्रनगरीतली हिशेबपट्टी

लॉस एंजलिसला वेस नाही आणि मधला चौकही नाही. पुण्याचा मनुष्य मंडईपासून अंतरे मोजतो, मुंबईकर स्टेशनापासून. येथे कुठून काय मोजावे हेच उमगत नाही. एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे रस्त्याकडेची पाटी सांगेल तेव्हाच कळायचे. घरे बैठी, रस्ते मात्र आठ-आठ पदरी, आणि त्या आठही पदरांवरून लाखमोलाच्या मोटारी गोगलगाईच्या चालीने चाललेल्या. मी गेलो तो मे महिना होता. आपल्याकडे त्या दिवसांत अंगाची लाही होते. तिथे दुपारपर्यंत समुद्रावरून आलेले मळभ हटत नसे, आणि नीलमोहोराच्या जांभळ्या फुलांचा सडा पदपथावर असा पडलेला असे की त्यावर पाय ठेवायला जीव होऊ नये.

माझी भाची या शहराच्या पश्चिम अंगाला, कल्व्हर सिटी नावाच्या गावात, पंचवीस वर्षांवर संसार करते आहे. पोहोचल्या दिवशीच तिने कागद-पेन्सिल घेऊन विचारले, "मामा, काय काय पाहायचंय ते सांगा. डिस्नेलँड, युनिव्हर्सल, समुद्र…" यादी आठ कलमांची झाली. पण यादीत नसलेलीच एक गोष्ट मला तिच्या जेवणाच्या टेबलावर आधी दिसली. ती म्हणजे बावीस पानांचा एक करारनामा. शेजारी पेन ठेवलेले, आणि पेनाशेजारी भाचीची लेक, म्हणजे माझी नातच, तळव्यावर हनुवटी टेकून बसलेली.

ही नात दिवसा एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करते आणि रात्री व शनिवार-रविवारी मेंदीचे आणि रांगोळीचे व्हिडिओ करते. आजीकडून शिकलेली ठिपक्यांची रांगोळी ती कॅमेऱ्यासमोर काढते, आणि दोन-अडीच लाख माणसे ती नियमाने पाहतात. आता एका कंपनीने तिला आपल्या नेटवर्कमध्ये येण्याचे आमंत्रण दिले होते. सही केली की जाहिरातदार कंपनी आणून देणार आणि हिला दवाखाना सोडता येणार. उत्तर द्यायला तीन आठवड्यांची मुदत होती.

"आजोबा, तुम्ही चौतीस वर्षं कचेरीत हिशेब लिहिलेत. एवढं वाचून द्या ना," ती म्हणाली.

आता हा धंदा कसा चालतो ते थोडे सांगायला हवे. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढला. याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून संस्थापकांपैकी एक तरुण एकोणीस सेकंद बोलतो, एवढाच तो! पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरना घेतली, आणि २००७ पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळू लागला. नेहमीच्या व्हिडिओंपुरता तो वाटा पुढे सर्वांच्या तोंडी बसला. करणाऱ्याचे पंचावन्न टक्के, यूट्यूबचे पंचेचाळीस.

इथपर्यंत दोघांचा संसार होता. मग त्यात तिसरा आला. शेकडो, हजारो चॅनेले एका छत्राखाली गोळा करणाऱ्या कंपन्या लॉस एंजलिसमध्ये उभ्या राहिल्या. जाहिरातदार आम्ही आणू, संगीताच्या हक्काचे तंटे आम्ही मिटवू, शूटिंगला जागा आम्ही देऊ, असे त्या सांगत. मोबदल्यात करणाऱ्याच्या पंचावन्नातला हिस्सा घ्यायच्या. समजा, जाहिरातीचे शंभर डॉलर आले. पंचेचाळीस यूट्यूबने ठेवले. उरलेल्या पंचावन्नावर नेटवर्कने तीस टक्के घेतले तर साडेसोळा गेले, आणि मुलीच्या हातात साडेअडतीस पडले. हरकत नाही, जो राबतो त्याला त्याचे मिळावे. पण मेख पुढेच आहे. ते पंचावन्न डॉलर मुलीच्या खात्यात येतच नाहीत. ते आधी नेटवर्कच्या खात्यात जातात, आणि तिथून आपला भाग कापून तिला पाठवले जातात. इतकेच नव्हे, तर नेटवर्कमध्ये गेलेल्या चॅनेलला त्याच्या स्वतःच्या मिळकतीचा आकडा दाखवायचा की झाकायचा, ही कळही नेटवर्कच्याच हाती असू शकते.

मी मूळचा लासलगावकडचा. आमचे वडील कांद्याची गाडी घेऊन बाजारात जात आणि संध्याकाळी परत येत तेव्हा त्यांच्या टोपीच्या घडीत एक कागद असे. त्याला पट्टी म्हणत. वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई, अडत वजा जाता हाती काय, हे सारे त्या चिठोऱ्यावर ओळीने लिहिलेले. कधी भाव पडलेला असे, कधी तोलाई जास्त लागलेली असे, आणि त्यावर वडील रात्रभर चरफडत. पण कशावर चरफडायचे ते त्यांना ठाऊक असे! पट्टी नसती तर रागावायलाही जागा राहिली नसती.

नातीला मी विचारले, "तुला पट्टी मिळते का गं?"

तिला शब्द समजावून सांगितला तेव्हा ती उठली आणि कपाटातून एक जुनी फाइल घेऊन आली. कॉलेजात असताना, २०१४ साली, ती अशाच एका नेटवर्कमध्ये शिरली होती. महिन्याला एक पान यायचे. त्या पानावर एक आकडा. कशाचे किती, किती जाहिराती लागल्या, किती कापले, काही नाही. तिने दोनदा विचारले. दोन्ही वेळा गोपनीयतेचे कलम दाखवले गेले. पुढे त्या कंपनीने गाशा गुंडाळला आणि शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे आलेच नाहीत.

"किती होते?" मी म्हटले.

"तेच तर, आजोबा. किती होते तेच मला माहीत नाही."

पुष्कळ वर्षांच्या नोकरीत मी बुडीत रकमा पाहिल्या आहेत. पण जिचा आकडाच ठाऊक नाही अशी बुडीत रक्कम पाहण्याचा योग इथेच आला.

दुसऱ्या दिवसापासून मी तो करारनामा पिशवीत घालून शहर पाहायला निघू लागलो. कल्व्हर सिटीहून रेल्वेने शहरात जायचे, तिथे जमिनीखालच्या गाडीत बसायचे, आणि जिना चढून वर आले की आपण थेट हॉलिवूड बुलव्हारवर! पदपथावर पितळी अक्षरांचे तारे जडवलेले. त्यांवरून लोक आइस्क्रीम चाटत चाललेले. असा तारा बसवण्याचा खर्च ज्याने नाव सुचवले त्याने भरायचा असतो, हे ऐकून मला बरे वाटले. निदान तिथे तरी कोण किती देतो ते उघड आहे. पुढे १९२७ साली उघडलेले चायनीज थिएटर, आणि त्याच्या अंगणात सिमेंटमध्ये उमटलेले नटनट्यांचे हात-पाय. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांचे ठसे तिथे पहिल्यांदा उमटले. पर्यटक त्यांत आपले जोडे मापून पाहतात. मी तिथे उभा राहून वेगळीच गोष्ट आठवत होतो. या दोघांनी चार्ली चॅप्लिन आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांना सोबत घेऊन १९१९ साली युनायटेड आर्टिस्ट्स ही स्वतःची कंपनी काढली होती. जगातले सर्वांत लाडके नट, पगार गडगंज. मग दुकान कशाला थाटायचे? तर चित्रपट आपले, मग ते विकायचे कसे आणि पैसा यायचा कुठल्या वाटेने, हेही आपल्या हाती असावे म्हणून.

सर्वांना दुकान काढता येत नाही. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड या नटीने कोर्टाची पायरी चढली. तिचा वॉर्नर ब्रदर्सशी सात वर्षांचा करार होता. पण तिने नाकारलेल्या भूमिकांपायी जेवढे दिवस तिला बिनपगारी घरी बसवले, तेवढे दिवस कंपनी करारात वाढवत चालली होती. म्हणजे सात वर्षे सरायचीच नाहीत! १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की सात वर्षे म्हणजे पंचांगातली सात वर्षे. त्या निकालाला आजही तिच्याच नावाने ओळखतात.

तिथून मेलरोझ ॲव्हेन्यूवर पॅरामाउंटचे कमानदार फाटक पाहायला गेलो. या फाटकाची एक गोष्ट हिशेबनिसाला चटका लावणारी आहे. आर्ट बुकवाल्ड नावाचा विनोदी लेखक होता. ‘कमिंग टु अमेरिका’ हा १९८८ सालचा चित्रपट आपल्या कल्पनेवरून निघाला, असा त्याचा दावा होता, आणि कराराप्रमाणे त्याला निव्वळ नफ्यातला वाटा मिळायचा होता. चित्रपटाने जगभर कोट्यवधी डॉलरचा गल्ला जमवला. पण कंपनीच्या वह्यांप्रमाणे निव्वळ नफा झालाच नव्हता! खर्च, त्यावर टक्के, त्या टक्क्यांवर व्याज, असे काढत गेले की समुद्रसुद्धा आटतो. न्यायालयाने ती नफा काढण्याची रीतच न्यायाला सोडून असल्याचे म्हटले, आणि १९९२ साली बुकवाल्डला दीड लाख आणि त्याच्या निर्मात्या जोडीदाराला साडेसात लाख डॉलर देवविले. वाटा किती टक्के, यावर भांडणारे पुष्कळ. पण टक्का कशाचा, हे विचारायला एक विनोदी लेखक लागला.

संध्याकाळी घरी येऊन मी बावीस पानांतल्या सातव्या पानावर लाल पेन्सिलीने खूण केली. तिथेही ‘निव्वळ उत्पन्न’ असा शब्द होता, आणि निव्वळ म्हणजे काय ते एकोणिसाव्या पानावर बारीक अक्षरांत. भाची स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, तुम्ही सहलीला आलात की तपासणीला?"

शनिवारी नात मला आपले गाव दाखवायला पायी घेऊन निघाली. कल्व्हर सिटी लहान. पण तिची मिजास मोठी. चित्रसृष्टीचे हृदय म्हणजे आम्हीच, असे हे गाव जुन्या काळापासून म्हणत आले आहे. एमजीएमचा जुना स्टुडिओ आज सोनीचा आहे. १९२४ सालचे कल्व्हर हॉटेल तिकोन्या जागेवर इस्त्रीसारखे उभे आहे; ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधली ठेंगणी मंडळी १९३८ साली तिथे उतरली होती. थोड्या अंतरावर पांढऱ्या खांबांचा एक वाडा दिसतो. तो वाडा नव्हे, कल्व्हर स्टुडिओचे दर्शनी अंग. या गावात घरामागे घर नसून तारीख असते.

"आणि हे बघा, आजोबा. मेकर स्टुडिओज याच गावात होतं," नात म्हणाली.

मेकर हे अशा नेटवर्कांतले बडे प्रस्थ. २००९ साली काही व्हिडिओ करणाऱ्यांनीच मिळून ते काढले. २०१२ च्या अखेरीस रे विल्यम जॉन्सन हा त्या काळचा अतिशय लोकप्रिय कलाकार तिथून बाहेर पडला. नव्या करारावर सही करावी म्हणून आपल्यावर दडपण आणले गेले, असे त्याने जाहीरपणे लिहिले. तो लेख माझ्या नातीने कॉलेजात वाचला होता. "सगळ्यांनी वाचला आणि तरी सगळ्यांनी सह्या केल्या," ती हसून म्हणाली. २०१४ साली डिस्नेने मेकर ५० कोटी डॉलरना विकत घेतली. ठरलेली उद्दिष्टे गाठल्यास वर आणखी ४५ कोटी. नातीचे म्हणणे असे की त्या दिवशी सर्वांना एकच प्रश्न पडला. आमच्या व्हिडिओंच्या गाठोड्याची किंमत एवढी, मग त्यातले माझे गाठोडे कितीचे? गाठोडे सोडून पाहायची मुभा मात्र नव्हती. तीन वर्षांत मेकर हे नाव डिस्नेच्या दुसऱ्या विभागात विरून गेले.

रस्त्याकडेच्या बाकावर बसून तिने आणखी दोन कंपन्यांची कथा सांगितली. मशिनिमा ही खेळांचे व्हिडिओ करणाऱ्यांची मोठी कंपनी. २०१३ साली एका ब्रिटिश तरुणाने जाहीर केले की आपण व्हिडिओ करणे सोडतो. कारण मशिनिमाशी केलेल्या कराराला शेवटच नाही, असे त्याला सही केल्यानंतर कळले होते. ज्या शहरात डी हॅव्हिलंडने सात वर्षांची मर्यादा मिळवली, तिथल्याच कंपनीच्या कराराला सत्तर वर्षांनी काठच उरला नाही! मशिनिमाही २०१९ च्या आरंभी मिटली.

दुसरी डिफाय मीडिया. ती नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाएकी बंद पडली. तिच्या खात्यातून ज्यांचे जाहिरातींचे पैसे यायचे, त्यांचे पैसे अडकले. कंपनीला कर्ज देणाऱ्याचा हक्क आधी, आणि ज्यांच्या कष्टाचे पैसे ते रांगेत मागे. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यातल्या एकाने व्हिडिओ करूनच सांगितले की पन्नासएक जणांचे मिळून सतरा लाख डॉलर बुडाले. अडत्याने दिवाळे काढले तर शेतकऱ्याची पट्टी ही निदान दाव्याला पुरावा होते. पण इथे माल विकला कुणाचा, पैसा आला कुणाला आणि गेला कुठे, हे शोधण्यातच जन्म जायचा. स्मॉश नावाची दोन मित्रांची विनोदी जोडी याच डिफायच्या मालकीत गेली होती. त्या दोघांनी २०२३ साली आपले चॅनेल परत विकत घेतले. आपलेच घर आपण पुन्हा खरेदी केले, तसे!

मग आम्ही सोनीच्या फाटकाशी आलो. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे लेखक आणि नट हातात पाट्या घेऊन गोल गोल फिरत होते, आणि शेजारपाजारच्या बाया त्यांना पाण्याच्या बाटल्या नेऊन देत. माझी भाचीही त्यांत होती. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८ दिवस. मागण्या पुष्कळ होत्या, पण एक मागणी जुन्या मुनिमालाही समजावी अशी होती: आमची मालिका किती लोकांनी, किती तास पाहिली, ते सांगा. चित्रपटगृहाचा गल्ला वर्तमानपत्रात छापून येई. घरबसल्या दाखवणाऱ्या कंपन्यांनी मात्र आकडे कुलपात ठेवले होते. संप मिटला तेव्हा मोठ्या खर्चाच्या मालिकांचे पाहिलेले तास, गुप्ततेच्या अटीवर का होईना, लेखकांच्या संघटनेला सांगायचे कंपन्यांनी मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरात नेटफ्लिक्सने अठरा हजारांवर कार्यक्रमांचे तास आपण होऊन प्रसिद्ध केले. कुलूप उघडले नाही. पण किल्ली आहे एवढे कबूल झाले.

"त्यांना संघटना होती. आम्ही सगळे आपापल्या खोलीत," नात म्हणाली.

रविवारी जावयांनी प्लाया व्हिस्टाला नेले. समुद्राजवळच्या या सपाट जागेत हॉवर्ड ह्यूजेस या लक्ष्मीपुत्राने युद्धाच्या दिवसांत एक प्रचंड लाकडी विमान बांधले. त्याची शेड अजून उभी आहे. तिच्यासमोर मनुष्य उभा राहिला म्हणजे गणपतीपुढच्या उंदराएवढा दिसतो. ते विमान २ नोव्हेंबर १९४७ रोजी लाँग बीचच्या बंदरात पाण्यावरून जेमतेम मैलभर उडाले आणि पुन्हा कधीच उडाले नाही. आता त्या शेडीत गूगलची कचेरी आहे. ह्यूजेसच्याच दुसऱ्या एका इमारतीत २०१२ साली यूट्यूबने व्हिडिओ करणाऱ्यांसाठी स्टुडिओ थाटला होता. दिवे, कॅमेरे, रंगमंच सारे फुकट. माझी नात तिथे दोनदा जाऊन रांगोळी काढून आली होती. २०२१ साली तोही बंद करण्यात आला.

जावई इंजिनिअर, मितभाषी. त्या शेडीकडे पाहत ते म्हणाले, "मामा, सगळीच नेटवर्कं लबाड नव्हती हो. स्वस्तात जास्त चॅनेलं गोळा केली, आणि एकेकाचा हिशेब ठेवायला माणसं नव्हती." हे मला पटण्यासारखे होते. हजारो चॅनेले, प्रत्येकाची रोज बदलणारी मिळकत, निरनिराळे टक्के. पण ज्याला हिशेब देणे झेपत नाही, त्याने पैसा आपल्या खात्यात का घ्यावा, एवढे मी त्यांना विचारले. त्यांनी मोटार सुरू केली.

त्या रात्री आम्ही तिघे टेबलाशी बसलो. नातीने संगणकावर आपले चॅनेल उघडले. ती सध्या कुठल्याच नेटवर्कमध्ये नाही, त्यामुळे आकडे तिला दिसतात: कोणत्या व्हिडिओचे किती, कोणत्या देशातून किती, आणि दर हजार वेळा पाहिले गेले की यूट्यूबचा भाग जाऊन हाती काय पडते. हा शेवटचा आकडा २०२० सालापासून दाखवू लागले. सारे काही दिसते असे नाही. जाहिरात कमी का झाली, भाव का पडला, हे यूट्यूबही सांगत नाही. तरी ही पट्टीच होती. वडिलांच्या टोपीतल्या कागदासारखी, चरफडायला जागा देणारी.

मग कंपनीला पाठवायचे पत्र तयार झाले. भाषा नातीची, कलमे माझी. एक, मिळकतीचा मूळ आकडा मला स्वतःला पाहता यावा. दोन, कराराला शेवटची तारीख असावी आणि ती आपोआप पुढे सरकू नये. तीन, तुम्ही माझ्यासाठी जाहिरातदार आणाल तेव्हा तो तुम्हाला किती देतो, तो मूळ कागद मला दाखवावा.

भाचीला हे काही रुचले नाही. "मामा, समोरून चालत आलेली लक्ष्मी आहे. तुमच्या त्या पट्टीपायी ती परत जायची. दवाखान्यात आणखी किती वर्षं काढायची हिने?" ती माझ्यावर रागावली होती असे नाही, आई म्हणून कळवळली होती. मी काही बोललो नाही. नात मात्र म्हणाली, "आई, मागच्या वेळी मी किती गमावलं ते तुला सांगता येईल? मलाही येत नाही. ह्या वेळी निदान सांगता तरी यावं." आणि तिने पत्र धाडून दिले.

उत्तर नऊ दिवसांनी आले. पहिले कलम मान्य. दुसरेही मान्य, दोन वर्षांची मुदत. तिसरे मात्र अमान्य. जाहिरातदारांशी झालेले व्यवहार गोपनीय असतात, त्यात अपवाद करता येणार नाही, कळावे. ज्या पैशाच्या आशेवर दवाखाना सोडायचा, तोच पैसा पडद्याआड राहणार होता. नातीने ते पत्र दोनदा वाचले, करारनामा जुन्या फाइलमध्ये घातला, आणि सोमवारी नेहमीप्रमाणे सकाळी सातला दवाखान्यात गेली. भाचीने दोन दिवस चहात साखर जरा कमीच घातली. तिसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "तुमच्या लासलगावच्या पट्टीवर आणखी काय काय लिहिलेलं असतं हो?" मी सांगितले. तिने ते कागदावर उतरून घेतले. लेकीच्या व्हिडिओत तबला वाजवणारा एक विद्यार्थी आहे, त्याला महिन्याचे पैसे देताना आता अशी चिठ्ठी द्यायची ठरले आहे: किती व्हिडिओ, मिळकत किती, त्यातले तुझे किती.

आपल्याकडेही आता घरोघरी कॅमेरे आले आहेत. कुणाची सून पुरणपोळी शिकवते, कुणाचा मुलगा किल्ले दाखवतो, कुणी शेतातून बोलतो. त्यांच्याही दारी कधी ना कधी बावीस पानांचा कागद येईल. वाचकहो, तो आला तर टक्के किती हे अवश्य विचारा; पण त्याआधी टक्का कशाचा आणि तो मला दिसणार कुठे, हे विचारा. तुमचा विचारण्याचा हक्क हॉलिवूडच्या नट्यांनी आणि लेखकांनी शंभर वर्षे भांडून दाखवून दिला आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सारे सांता मोनिकाच्या समुद्रावर गेलो. आगगाडी थेट किनाऱ्यापाशी सोडते. लाकडी धक्क्यावर पाळणे फिरत होते, मळभ फाटून सूर्य पाण्यात बुडत होता. धक्क्याच्या कठड्याशी एक म्हातारा गिटार वाजवीत बसला होता. समोर उलटी ठेवलेली टोपी. नातीने तीत एक डॉलर टाकला. गाणे संपल्यावर त्याने गिटार खाली ठेवले, टोपी मांडीवर घेतली, नोटा सरळ करून एकावर एक ठेवल्या, नाणी वेगळी काढली, सारे दोनदा मोजले आणि खिशात घातले. मग त्याने टोपी पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि गिटार हातात घेतले.

"बघा आजोबा, याला नेटवर्क नाही," नात म्हणाली.

"पण रोजची पट्टी आहे," भाची म्हणाली, आणि तिनेही पर्स उघडली.